मैदानाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत

डिसेंबर उजाडला की शाळांच्या मैदानांवर फक्कीने लेन आखल्या जातात, लेझमीचे सराव सुरू होतात आणि आवाजाचा जुना प्रश्न पुन्हा वर येतो. स्टेजसमोर बसलेल्या पालकांना कानात बोटं घालावी लागतात आणि त्याच वेळी लांब उडीच्या खड्ड्यापाशी उभ्या मुलीला आपलं नाव पुकारल्याचं कळतही नाही. तीनदा पुकारलं, आली नाही, बाद. महिनोन्महिने सराव केलेलं मूल निव्वळ ऐकू न आल्यामुळे स्पर्धेबाहेर जातं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण हे टाळता येतं, आणि तेही फारसा खर्च न करता.

अलीकडे यावर एक उत्तर तयार असतं: सगळं वायरलेस करून टाकू. माजी विद्यार्थ्यांची बॅच देणगी देते, शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते आणि कॉर्डलेस माइक, चाकांचे ट्रॉली स्पीकर, ब्लूटूथ असा संच शाळेत येतो. पहिल्याच कार्यक्रमात माइक मध्येच तुटतो, स्पीकर शिट्टी मारतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा मंडपवाल्याला फोन जातो. वस्तू वाईट असते असं नाही. वायर कुठून काढायची आणि कुठे ठेवायची, हा विचार खरेदीच्या आधी झालेला नसतो.

आवाजाचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे. बोलणाऱ्याच्या तोंडापासून ॲम्प्लिफायरपर्यंत, तिथून स्पीकरपर्यंत आणि स्पीकरपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत. वायरलेस ही सोय पहिल्या टप्प्यात खरोखर मोलाची, दुसऱ्यात बहुधा अनावश्यक. तिसऱ्या टप्प्यात वायर कधीच नव्हती, आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते तिथेच. म्हणून सुरुवात तिथून करायला हवी.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. शाळांत सर्रास दिसणारा ३० वॉटचा भोंगा घ्या. चांगला भोंगा १ वॉटवर १ मीटर अंतरावर १०६ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पूर्ण ३० वॉटवर तो १२१ पर्यंत जातो. शंभर मीटरवर त्यातले ८१ उरतात. मुलांचा गोंगाट सहज ७०-७५ च्या घरात असतो, म्हणजे लांबच्या मुलाला जेमतेम समजेल. पण त्याच वेळी भोंग्यापासून पाच मीटरवर बसलेल्या पहिलीच्या वर्गाच्या कानावर १०७ डेसिबल आदळत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीत-मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे, आणि ती काही सहा वर्षांच्या कानांकडे पाहून ठरवलेली नाही.

आता तेच मैदान चार भोंग्यांत वाटा. प्रत्येकाला जेमतेम २ वॉट द्या आणि कोणीही मूल कुठल्या ना कुठल्या भोंग्यापासून तीस मीटरच्या आत राहील असं बघा. तीस मीटरवर सुमारे ८० डेसिबल मिळतात, म्हणजे मघाच्या एका भोंग्याने लांब टोकाला जेवढं पोहोचवलं जवळपास तेवढंच, आणि पाच मीटरवरचा आवाज ९५ वर येतो. एकूण वीज ८ वॉट. तीसच्या जागी आठ वॉटमध्ये जास्त मुलांना ऐकू गेलं आणि कोणाचे कान दुखले नाहीत. शाळेने ‘हजार वॉट’चा फलक पाहून खरेदी करू नये असं मी म्हणतो ते या हिशेबामुळे. त्या फलकावरचे वॉट बरेचदा क्षणिक कमाल ताकदीचे असतात. सलग मिळणारी ताकद म्हणजे आरएमएस, आणि तो आकडा खूप लहान असतो.

भोंगे वाटले की दुसरी अडचण येते. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला ०.२९ सेकंद लागतात. जवळच्या भोंग्यातून ‘शिंदे’ ऐकू येतं न येतं तोच लांबच्या भोंग्यातून तेच ‘शिंदे’ पुन्हा येतं आणि पुढच्या शब्दावर बसतं. शाळेची तीन मजली इमारत समोर असेल तर भिंतीवरून परतलेला तिसरा ‘शिंदे’ही येतो. याला लोक ‘आवाज घुमतो’ म्हणतात आणि आवाज वाढवतात, त्याने तो आणखी घुमतो. उपाय तीन आहेत. एक, भोंगे एकमेकांसमोर तोंड करून लावायचे नाहीत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, शक्यतो इमारतीकडे पाठ करून आणि थोडी खाली झुकवून. दोन, प्रत्येकाचा आवाज त्याच्या वाट्याच्या मुलांपुरता. तीन, मिक्सरमध्ये डिलेची सोय असेल तर पुढच्या स्पीकरला अंतराच्या हिशेबाने उशीर द्यायचा, एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. पहिले दोन फुकट आहेत आणि बहुतेक मैदानांचं काम तेवढ्यावर भागतं.

हे जमलं की नाही ते तपासायला यंत्र लागत नाही. आदल्या दिवशी चार मुलांना वही-पेन देऊन चार कोपऱ्यांत उभं करा आणि माइकवरून एकदाच, नेहमीच्या गतीने वीस आडनावं वाचा: कदम, काळे, कांबळे, शिंदे, शेंडे, पाटील, पाटोळे. वह्या गोळा करा. ज्या कोपऱ्यात शेंडेचा शिंदे झाला, तिथला भोंगा हलवायला हवा. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणून यातलं काही कळत नाही, कारण ते शब्द सगळ्यांना आधीच पाठ असतात.

आवाजाच्या या संथ चालीचा परिणाम दोन ठिकाणी फार जवळून दिसतो. पहिलं ठिकाण सामूहिक कवायत आणि लेझीम. गाणं स्टेजवरच्या स्पीकरमधून वाजतं, मुलांच्या रांगा पन्नास मीटर मागेपर्यंत. शेवटच्या रांगेला ठेका ०.१५ सेकंद उशिरा मिळतो. ती मुलं आपल्या कानाशी प्रामाणिक राहून बरोबर ठेक्यावर पाय टाकतात, पण स्टेजवरून बघणाऱ्याला मागची फळी ढिली दिसते आणि बोलणी त्यांनाच बसतात. स्पीकर समोर न ठेवता रांगांच्या दोन्ही बाजूंना, मधोमध ठेवले की रांगांमधला जास्तीत जास्त फरक निम्म्यावर येतो. लेझमीत हलगी मधोमध उभी केली तरी हेच साधतं.

दुसरं ठिकाण शर्यतीची सुरुवात. शंभर मीटरच्या धावेत स्टार्टर एका टोकाला आणि वेळ घेणारे दुसऱ्या टोकाला असतात. जाणते वेळाधिकारी पिस्तुलाचा धूर किंवा क्लॅपरच्या फळ्या मिटताना बघून घड्याळ दाबतात, आवाज ऐकून नाही. आवाजावर दाबलं तर नोंदलेली वेळ ०.२९ सेकंदाने कमी भरते, आणि शालेय पातळीवर पहिला-दुसरा नंबर याहून कमी फरकाने ठरतो. तालुक्याचं मैदान आणि जिल्ह्याचं मैदान यांच्या वेळांची तुलना करून मुलं निवडली जातात तेव्हा हा फरक एखाद्या मुलाचं वर्ष घालवू शकतो. पूर्ण फेरीच्या शर्यतीत आणखी एक गोष्ट आहे. १.२२ मीटर रुंदीच्या लेन असतील तर प्रत्येक बाहेरच्या लेनचा धावपटू सुमारे साडेसात मीटर पुढे उभा राहतो; ट्रॅक २०० मीटरचा असो वा ४०० चा, हा फरक तेवढाच. सहाव्या लेनची मुलगी पहिलीच्या जवळजवळ ३८ मीटर पुढे. स्टार्टर पहिल्या लेनजवळ उभा राहिला तर तिला इशारा ०.१ सेकंद उशिरा मिळतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येक स्टार्टिंग ब्लॉकमागे छोटा स्पीकर असतो तो यासाठीच. शाळेला ते परवडणार नाही. पण स्टार्टरने सगळ्यांपासून सारख्या अंतरावर, वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहणं परवडतं. स्टार्टरच्या अंगावर चांगला कॉर्डलेस माइक असेल आणि एक स्पीकर वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ‘ऑन युअर मार्क, सेट’ सहाही जणांना स्पष्ट जातं.

इथे ‘चांगला’ या शब्दावर बरंच अवलंबून आहे. व्यावसायिक दर्जाचा रेडिओ माइक काही मिलिसेकंदांत आवाज पोहोचवतो. साध्या ब्लूटूथमध्ये दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सर्रास असतो. म्हणजे स्पीकर पन्नास ते सत्तर मीटर मागे नेऊन ठेवल्यासारखं झालं. मधल्या सुट्टीत गाणी लावायला ब्लूटूथ उत्तम. शर्यत सोडायला किंवा दोन वेगवेगळ्या बनावटीचे स्पीकर एकत्र वाजवायला ते निकामी, कारण दोघांचा उशीरही सारखा नसतो.

आता माइक. बाजारात कॉर्डलेस माइकचे तीन मुख्य प्रकार मिळतात. व्हीएचएफ हे जुने आणि स्वस्त. साधारण २०० मेगाहर्ट्झवर चालतात आणि खरखर लवकर पकडतात. यूएचएफ हे पाचशे मेगाहर्ट्झच्या पुढचे, मैदानासाठी सर्वांत भरवशाचे. तिसरे २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल संच. हा पट्टा भारतात विनापरवाना खुला आहे, म्हणून जोडणी सोपी, पण त्याच पट्ट्यात वाय-फाय आणि ब्लूटूथही चालतात. आदल्या दिवशी रिकाम्या मैदानावर माइक शेवटपर्यंत चालतो आणि कार्यक्रमाच्या दिवशी वीस मीटरवर तुटतो, याचं कारण हेच. पाचशे पालक पाचशे मोबाइल घेऊन आलेले असतात, शिवाय माणसाचं शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषतं. गर्दी मध्ये आली की लहरींना वाट राहत नाही.

यूएचएफ घेतानाही डोळे उघडे ठेवायला हवेत. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपनीकडे गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ५जी सुरू झालं. त्या पट्ट्यातला जुना माइक टॉवरजवळच्या शाळेत खरखर करणारच. अमेरिकेत तर २०१० सालीच या पट्ट्यात माइक वापरायला बंदी आली. त्यामुळे संच कुठल्या मेगाहर्ट्झवर चालतो आणि भारतात वापरायची त्याला मान्यता आहे का, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावं. एकाहून अधिक माइक घ्यायचे असतील तर प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि बदलता येणारी हवी. शेजारच्या शाळेचा कार्यक्रमही त्याच आठवड्यात असतो, आणि आपल्या स्पीकरमधून त्यांच्या मुख्याध्यापिकांचं भाषण ऐकू येण्याचे प्रकार घडतात.

माइकच्या दर्जाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रिसीव्हर कुठे ठेवला. तो बहुतेक वेळा स्टेजवरच्या टेबलाखाली, ॲम्प्लिफायरच्या मागे, लोखंडी खुर्च्यांच्या गराड्यात असतो. त्याला तिथून काढून अडीच-तीन मीटर उंच खांबावर, मैदानाच्या कडेला, माइकवाल्याला सरळ दिसेल असा लावा. मग रिसीव्हरपासून मिक्सरपर्यंत लांब एक्सएलआर वायर टाका. लांब वायर आणि जवळचा रिसीव्हर ही जोडी आखूड वायर आणि लांबच्या रिसीव्हरपेक्षा नेहमीच सरस ठरते. दोन अँटेनांपैकी ज्यावर सिग्नल चांगला तो आपोआप निवडणारा डायव्हर्सिटी रिसीव्हर थोडा महाग पडतो, पण चालत्या माणसासाठी तो घ्यावाच.

हातातला, कॉलरचा की डोक्याचा? निवेदकाला हातातला, पीटीच्या सरांना डोक्याचा. कॉलर माइक मैदानासाठी नाहीच. तो सगळ्या बाजूंचा आवाज घेतो, तोंडापासून वीतभर दूर असतो, त्यामुळे आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टी सुरू होते. डोक्याचा माइक ओठांच्या कोपऱ्याशी राहतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि त्यावर स्पंजची टोपी चढवली की वाऱ्याची फडफडही थांबते. हातातल्या माइकबाबत मुलांना दोन गोष्टी शिकवाव्यात: जाळीला मूठ आवळायची नाही, आणि खालचं टोक झाकायचं नाही, कारण बऱ्याच माइकची अँटेना तिथे असते. माइक घेऊन स्पीकरसमोर कोणी जायचं नाही. शिट्टी बसण्याचं ते पहिलं कारण.

दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ॲम्प्लिफायर ते स्पीकर, माझा कल स्पष्टपणे वायरकडे आहे. वायरलेस स्पीकरलाही वीज लागतेच. प्लगची वायर टाकायचीच असेल तर आवाजाची टाकायला काय हरकत आहे? कायमच्या मैदानासाठी १०० व्होल्ट लाइन ही जुनी पद्धत आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. साध्या ८ ओहमच्या जोडणीत ३० वॉटसाठी जवळजवळ २ ॲम्पिअर प्रवाह लागतो. १०० व्होल्टवर ०.३ ॲम्पिअर पुरतो. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून त्याच तारेतला तोटा सुमारे चाळीस पट घटतो. दीडशे मीटर लांबच्या भोंग्यालाही बारीक तार चालते, आणि भोंग्याच्या ट्रान्सफॉर्मरवर किती वॉट घ्यायचे ते जागेवर ठरवता येतं. मात्र १०० व्होल्टचा झटका लागतो. तारा पाइपमधून न्याव्यात, जोड उघडे ठेवू नयेत, ॲम्प्लिफायर बंद केल्याशिवाय हात लावू नये, आणि मैदानाच्या सर्किटला गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर हवाच. फेब्रुवारीच्या पहाटेचं दवही तारा ओल्या करायला पुरेसं असतं.

जिथे वीजच भरवशाची नाही, तिथे बॅटरीवरचा ट्रॉली स्पीकर हाच मार्ग, आणि लहान शाळेला तो पुरतो. त्याचा घात होतो कपाटात. १५ ऑगस्टला वापरला, कुलपात गेला, २६ जानेवारीला बाहेर काढला तर बॅटरी मेलेली. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की कायमची खराब होते. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करायचा आणि दारावर तारखांचा कागद लावायचा, एवढ्याने ती कैक वर्षं टिकते. माइकच्या सेलचंही असंच. रिचार्जचे सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ चे; त्यामुळे माइकवरचा बॅटरीचा दिवा रिचार्जच्या सेलबाबत फसवू शकतो. कार्यक्रमाच्या सकाळी नवे सेल आणि खिशात एक जोडी.

माइक कधी बंद ठेवायचा, हाही या व्यवस्थेचाच भाग आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार पंचाला सलग ऐकू यावा लागतो. दम तुटला की नाही ते त्यावरून ठरतं. खो-खोत बसलेल्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ मोठ्याने द्यावा लागतो. या दोन खेळांच्या मैदानांवर डोक्यावर गाणं किंवा अखंड समालोचन चालू ठेवणं म्हणजे पंचाचे कान बंद करणं. समालोचन जरूर व्हावं, पण चढाया आणि पाळ्यांच्या मध्ये, आणि या मैदानांकडचे भोंगे स्वतंत्र बटणावर असावेत.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि शांतता क्षेत्रात ५०. हद्दीवरचा ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या मर्यादेहून १० डेसिबलपेक्षा वर किंवा ७५ च्या वर, यांतलं जे कमी असेल, त्यापलीकडे जाता कामा नये. रुग्णालय आणि न्यायालयाप्रमाणेच शाळेभोवतालचा शंभर मीटरचा परिसरही शांतता क्षेत्राच्या व्याख्येत येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते राज्य सरकारने जाहीर करावं लागतं. परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी द्यावा. भोंगे खाली झुकवून, कमी वॉटवर लावलेले असतील तर शेजाऱ्यांची तक्रार सहसा येतही नाही.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी सोय हा विषय बहुतेक खरेदीयाद्यांत नसतोच. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला भोंग्याचा आवाज वाढवून मदत होत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. त्याच्या यंत्राला जोडता येणारा छोटा रिसीव्हर आणि त्याच कॉर्डलेस माइकचा सिग्नल ही जोडी हे काम करते. २०२२ साली आलेल्या ब्लूटूथच्या ऑराकास्ट या नव्या पद्धतीत एका प्रक्षेपकावरून कितीही यंत्रांना एकाच वेळी आवाज देता येतो. ती सामावलेली श्रवणयंत्रं बाजारात येऊ लागली आहेत, तेव्हा नवा संच घेताना ही सोय विचारून घ्यावी. शर्यतीसाठी तर याहून सोपा मार्ग आहे. १९२४ पासून चालत आलेल्या कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धांत धावपटूंना इशारा दिव्याने मिळतो. शाळेत बटणावरचा एक दिवा किंवा स्टार्टरच्या हातातलं निशाण वळणाच्या आतून सगळ्या लेनना दिसेल असं धरलं तरी पुरे. ते वेळाधिकाऱ्यांनाही घड्याळ दाबायला उपयोगी पडतं.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी चार लहान भोंगे, खांब आणि पक्क्या तारा, कारण त्या वीस वर्षं टिकतात. मग एक चांगला यूएचएफ डोक्याचा माइक आणि एक हातातला, डायव्हर्सिटी रिसीव्हरसह. मिक्सर साधा चालेल. संगीताचे मोठे स्पीकर विकत घेऊच नयेत. वर्षातून दोन दिवसांसाठी ते साउंडवाल्याकडून भाड्याने आणावेत आणि त्याला आडनावांची चाचणी झाल्यावरच आवाज ठरवायला सांगावं. उरलेल्या पैशांतून आठवी-नववीच्या चार-पाच मुलामुलींना ही सगळी जोडणी शिकवावी. पीटीचे सर त्या दिवशी मैदानावर असतात. मिक्सरपाशी बसून लांब उडीच्या खड्ड्यापाशी ऐकू जातंय का, हे बघायला कोणीतरी मोकळं असायला हवं.